झाकणमॅडमचा चामटोलीतला डबा

आमच्या मॅडम जेवणाचा डबा पिशवीत उलटा ठेवून आणायच्या. मुद्दाम. आत पातळ आमटी. नवीन लागलेली एखादी मुलगी "मॅडम, डबा उलटा झालाय" म्हणत तो सरळ करायला गेली, की त्या तिचा हात धरायच्या. "राहू दे गं. मला बघायचंय." दुपारी जेवायच्या सुट्टीत पिशवी उघडली, की तिच्या तळाशी अंथरलेला टिपकागद त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दाखवायच्या. कागद पांढरा स्वच्छ असायचा. मग त्या निवांत जेवायला बसायच्या.

अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या भरणारा आमचा कारखाना होता. मॅडम तिथे पॅकिंगच्या क्वालिटी ऑफिसर आणि मी त्यांच्या हाताखाली. मी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली, त्या अंबरनाथ पश्चिमेच्या. पाठीमागे त्यांना सगळे झाकणमॅडम म्हणत. आमच्याकडे पोरं एकमेकांना "ए झाकण" म्हणजे "ए येड्या" म्हणून चिडवतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा एका ऑपरेटरच्या तोंडून ते नाव त्यांच्यासमोरच निसटलं आणि त्याचा चेहरा पडला. मॅडम म्हणाल्या, "अरे, मग? झाकण नसलं तर आतलं औषध कुणाच्या कामाचं?"

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी म्हणालं, "मॅडम, झाकण लावलंय," की त्या विचारायच्या, "लावलंय की लागलंय?" सुरुवातीला मला तो नसता शहाणपणा वाटायचा. पुढे मीच घरी आईला तसं विचारायला लागले आणि दोनदा बोलणी खाल्ली.

कारखान्यात बाटल्या निळ्या पाण्यात बुडवायच्या, वरची हवा ओढून घ्यायची आणि मग आत निळा थेंब शिरला का ते बघायचं, अशी चाचणी असते. मॅडम ती घरीही करायच्या. मोरीतल्या बादलीत नीळ कालवून त्यांनी लोणच्याची बरणी, साखरेचा डबा, नातवाची पाण्याची बाटली, सगळं बुडवून पास-नापास केलेलं. त्यांचे मिस्टर गरीब स्वभावाचे. ते मला एकदा हळूच म्हणाले, "चहा करायचं मनात येतं, पण साखरेचा डबा उघडायचा म्हणजे शेजाऱ्यांना हाक मारावी लागते."

एका हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या वाटत होते. मॅडमनी दारातच डबी दाबून, हलवून, कानाशी धरून पाहिली आणि यजमानीणबाईंना म्हणाल्या, "ही लागत नाही हो. बदलून घ्या." त्या बाई पुढचा महिनाभर आमच्याशी बोलत नव्हत्या. मी नुसती सोबत गेले होते, तरी माझ्याशीसुद्धा.

पण हसायचं ते तेवढंच. एकदा माल गाडीत चढायला निघाला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मॅडमना एका पेटीतली दोन झाकणं संशयाची वाटली. वरून साहेब आले, "मॅडम, एवढ्या वेळेस जाऊ द्या" म्हणाले, मग आवाज चढवला. मॅडम त्या पेटीवर बसल्या. हाताची घडी घालून, पाय जुळवून. "मी बसलेय तोवर ही पेटी जात नाही, आणि मी बसलेलीच आहे." सगळा माल परत खाली उतरला, तपासला, आणि त्यात गळकी झाकणं निघाली. त्या दिवशी आम्हा पॅकिंगच्या बायकांची मान जी ताठ झाली, ती पुढे कित्येक दिवस तशीच होती. आजही मी कुणाला सांगताना "मी त्यांच्या हाताखाली होते" हे वाक्य आधी म्हणते.

त्या निवृत्त व्हायच्या थोडं आधी आमच्याकडे परदेशातून एक तपासनीस आला. उंच, हसरा माणूस. त्याने मॅडमचं सगळं काम बघितलं आणि खूश झाला. जेवताना त्याने सांगितलं की त्याला एक छंद आहे. जगभर लोक डोंगरात, बागेत, पुलाखाली लहान लहान डबे लपवतात. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. लपवणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो, शोधणारा फोन हातात घेऊन तिथवर जातो, डबा उघडतो, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितो आणि डबा होता तसा ठेवून देतो. बक्षीस नाही, काही नाही. रविवारी त्याला इथलाच एखादा डबा शोधायचा होता. त्याने फोनवर नकाशा उघडला, अंबरनाथ, बदलापूर, मागची सगळी डोंगररांग बोटाने सरकवली आणि म्हणाला, इथे काहीच नाही.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मॅडमचा घास हातातच राहिला. संध्याकाळी गेटबाहेर त्या मला म्हणाल्या, "इथे काहीच नाही म्हणे. एवढं शिवमंदिर उभं आहे, एवढे डोंगर आहेत. याला काहीच नाही म्हणतात?" मी म्हटलं, "मॅडम, तो डब्याबद्दल बोलत होता." त्या म्हणाल्या, "मीही डब्याबद्दलच बोलतेय."

निरोपसमारंभात त्यांनी केलेलं भाषण मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण ते अगदी छोटं होतं. "आयुष्यभर मी बाटल्या बंद केल्या. त्या कुणी उघडल्या, ते मला एकदाही दिसलं नाही. तक्रार आली की कळायचं, कुणीतरी उघडली. चांगली निघाली तर कोण कशाला कळवतंय? एकदा तरी तक्रारीशिवाय कळायला हवं होतं." एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या उशिरा पडल्या, कारण भाषण संपलंय हे कुणाला कळलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "रविवारी मोकळी आहेस ना? डबा घ्यायचाय."

डबा घ्यायला त्या आमच्या कॅम्पातल्या बाजारात आल्या. तिथे ओळखीच्या एका सिंधी काकांचं प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान आहे. काकांनी चार बाजूंनी खटके असलेला डबा पुढे केला.

"एकदम एअरटाइट, अदी. गारंटी का माल." सिंधीत अदी म्हणजे ताई.

"गारंटी कौन देगा?"

"मैं दे रहा हूँ ना!"

"आप बारिशमें डोंगरपे जाके बैठेंगे क्या इसके बाजूमें?"

काकांना कळेना हसावं की रागवावं. मॅडमनी पिशवीतून निळीची पुडी काढली आणि बादली मागितली. मी लाजेने दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आत डोकावले तर काका स्वतः बाह्या वर करून डबे बुडवत होते आणि गळका निघाला की घाऊकवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. गिऱ्हाईकं घोळका करून बघत होती. शेवटी एक जाडसर, हिरवा, लहानसा डबा पास झाला. काका म्हणाले, "अदी, आप मेरी दुकान में बैठो. कंपनीवालों को मैं आपके सामने खड़ा करता हूँ." मॅडम खुलल्या, पण म्हणाल्या, "मी आता रिटायर झाले."

डब्यात काय ठेवायचं हे ठरवण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. त्यांना चकल्या ठेवायच्या होत्या. खाण्याचं काही चालत नाही, प्राणी उकरतात, असा नियम मी वाचून दाखवला तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. मग कोरा कागद, पेन्सिल, शिवमंदिराचा एक फोटो, शोधणाऱ्याने न्यावं आणि बदल्यात काही ठेवावं म्हणून एक पितळी घुंगरू, आणि संकेतस्थळावरून छापून घेतलेला, हा खेळ आहे असं सांगणारा इंग्रजी कागद. सगळ्यात शेवटी त्यांनी जाळीच्या पुडीत निळे दाणे ठेवले. औषधाच्या पेट्यांत आम्ही हे दाणे वापरायचो. कोरड्या हवेत ते निळे राहतात, ओल लागली की गुलाबी होतात. "हा माझा साक्षीदार," मॅडम म्हणाल्या.

डबा पावसाळ्याच्या तोंडावरच ठेवायचा, असा त्यांचा हट्ट होता. मी म्हटलं, दिवाळीनंतर ठेवू, तेव्हा लोक डोंगरात फिरतात. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात कोरडं राहण्यात कसलं आलंय कौतुक?"

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी आम्ही बदलापूरहून रिक्षाने चामटोलीला गेलो. मॅडमच्या पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कारखान्याची टोपी, हातात तो हिरवा डबा. पिशवीत ठेवायला तयार नव्हत्या. गावाच्या कडेला, डोंगराच्या वाटेला लागूनच एक घर होतं. पावसाआधीची लाकडं रचत एक मावशी अंगणात उभ्या होत्या. त्यांनी हाक मारून पाणी दिलं.

"कुठं निंगालाव एवढ्या उन्हाचं?"

"असंच. डोंगर बघायला," मॅडम म्हणाल्या.

"डबा घेतलाव म्हंजे वर जेवाल." मॅडम नुसत्या हसल्या. खेळात नसलेल्या माणसाला डब्याचा सुगावा लागू द्यायचा नाही असा नियम आहे, आणि नियम म्हटला की मॅडम तो देवाज्ञेसारखा पाळणार. घोटभर पाणी पिऊन आम्ही वर निघालो.

चढ सोपा नव्हता. मॅडमचे गुडघे दुखायचे. त्या दर वळणावर थांबायच्या आणि मी हात पुढे केला की म्हणायच्या, "मी दमले नाहीये, बघतेय." वर कारवीच्या झुडपांमधून बाहेर पडलं की एक सपाट कातळ लागतो आणि तिथून खाली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ओळीने दिसतात. इमारती, कारखान्यांची धुराडी, मध्येच चकाकणारं नदीचं पाणी. मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नाकाने जोरात श्वास घेऊन म्हणाल्या, "बघ. कारखान्यांचा वास इथवर येत नाही." जागा त्यांनी तिथेच पक्की केली. येईल त्याला आधी आपली गावं दिसली पाहिजेत, डबा मग, असा त्यांचा हिशेब होता.

कातळाच्या पोटात एक खोबण होती. मॅडमनी गुडघे टेकले, डब्याचे चारही खटके एकेक करून दाबले, प्रत्येकावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "लागलं." डबा आत सरकवला, पुढे दगड लावला. मी फोनवर जागा नोंदवली. खेळ चालवणाऱ्यांनी ती थोड्याच दिवसांत मंजूर केली आणि नकाशावर आमच्या डोंगरात पहिला ठिपका उमटला. मॅडमनी तो त्यांच्या मिस्टरांना, सुनेला, वाण्याला आणि शिवमंदिराबाहेरच्या हारवालीला दाखवला. मग नियम आठवून हारवालीला कुणाला सांगू नकोस म्हणून परत जाऊन सांगितलं.

मग पाऊस लागला. पावसाचा जोर वाढला की मॅडमचा फोन यायचा. "तुझ्याकडे कसा आहे?" मी म्हणायचे, "पडतोय." त्या खिडकीशी उभ्या असणार, हे मला दिसायचं. मला त्यांची काळजी वाटायची आणि थोडं हसूही यायचं.

श्रावण सरता सरता या खेळातल्या दादरच्या एका गड्याने संकेतस्थळावर लिहिलं, शोधलं, सापडलं नाही. पुढच्या महिन्यात तो परत आला. परत सापडलं नाही. या खेळात पहिल्यांदा शोधणाऱ्याला मोठा मान असतो, त्यासाठी तो एवढा भिजत येत होता. मॅडमनी मला त्याचे दोन्ही निरोप पुन्हा पुन्हा वाचायला लावले. मग अगदी हळू म्हणाल्या, "आली तक्रार." एवढ्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

दसरा झाल्यावर वाटा सुकल्या आणि आम्ही गेलो. खोबण रिकामी होती. दगड बाजूला पडलेला. मॅडम कातळावर बसल्या. खाली तिन्ही गावं लख्ख दिसत होती, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. "ओल शिरली असती तरी चाललं असतं गं," त्या म्हणाल्या. "कळलं तर असतं. आता काहीच कळायचं नाही." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

उतरून आलो तर त्या कडेच्या घरातल्या मावशी अंगणातूनच ओरडल्या, "आलाव का गो! कवाची वाट बघतंय!" आणि घरात जाऊन त्यांनी तो हिरवा डबा आणून मॅडमच्या हातात दिला. डबा जड होता. आत गच्च कडवे वाल भरले होते. आमचं सामान त्यांनी वेगळ्या फडक्यात नीट बांधून ठेवलं होतं.

"रिकामा कसा देऊ दुसऱ्याचा डबा?" मावशी म्हणाल्या. "तुमी गेलाव तवा डबा व्हता, आलाव तवा हातात काय नाय. मी म्हनलं, इसरल्या. करटोलीची भाजी काढाय वर गेले तवा म्हनलं बघू या. दोघी बाया उन्हाच्या कुठं बसतील? सावलीला. सावली फक्त त्या कातळाच्या पोटाला. थितं एक दगुड उलटा, मातीची बाजू वर. मग काय, घातला हात."

"उघडलात?" मॅडमनी विचारलं.

"थितंच उघडला. कुनाचा हाय ते कलाय नको? आत इंग्रजी कागुद. मना वाटलं बिल हाय."

"ओलं होतं? आत?"

"वलं? नाय वो! भाईर एवढा धो धो, आत खडखडीत." मग मावशी ओशाळल्या. "पन एक झालं. त्यात निले मनी व्हते. मी उघडला तवा चांगले निले. घरी आनले, चुलीजवल ठेवले, पन दोन-चार दिसांत गुलाबी झाले. माज्या हातून खराब झाले बगा."

मॅडमनी डबा माझ्याकडे दिला आणि मावशींचे दोन्ही हात धरले. "खराब नाही हो! तुम्ही उघडलात तेव्हा निळे होते ना? बस. एवढंच हवं होतं मला." मावशींना काही कळलं नाही, पण मॅडम रडतायत आणि हसतायत हे बघून त्यांनी पदराने स्वतःचेही डोळे पुसले. मला रडू आलं नाही. मला इतका अभिमान वाटत होता की गावभर फिरून सांगावं, ह्या आमच्या मॅडम.

आम्ही चहा घेतला. सगळा खेळ मावशींना समजावून सांगितला. त्या पोट धरून हसल्या. "डबा लपवायचा आन् लोकांनी धुंडायचा? पोरं नाय का घरात तुमच्या?" मॅडमनी आतला कागद काढला आणि पहिल्या ओळीवर मावशींचं नाव लिहिलं. मग पुडीत नवे दाणे, इंग्रजीशेजारी एक मराठी कागद, आणि आठवड्याने आम्ही डबा पुन्हा वर ठेवून आलो. त्या दिवशी मावशी आमच्याबरोबर वर आल्या आणि वाटेत मॅडमचा हात त्यांनी धरला. मॅडमनी धरू दिला.

दादरच्या गड्याला हे संकेतस्थळावरून कळल्यावर त्याने तक्रार केली. त्याचं म्हणणं, गाववालीला डबा योगायोगाने मिळाला, ती खेळात नव्हती, तेव्हा पहिला मान अजून मोकळा आहे. नियमाने त्याचं बरोबर असावं. मी मॅडमना तसं सांगितलंही. पहिल्यांदाच त्यांनी नियम झटकून टाकला.

"लिही," त्या म्हणाल्या. "त्यांनी सावलीवरून शोधला, उलट्या दगडावरून ओळखला आणि धनी येईपर्यंत सांभाळला. पहिला मान गेला. दुसरा मोकळा आहे. पायथ्याशी त्यांचं घर आहे. पाणी पिऊन वर जा."

गडी रागावला असेल, पण आला. मावशींच्या अंगणात पाणी प्याला, वर गेला, आणि या वेळी त्याला डबा सापडला. त्याच संध्याकाळी त्याने संकेतस्थळावर लांबलचक लिहिलं. वरून काय काय दिसतं, कुठली नदी, कुठली धुराडी, सगळं. शेवटी लिहिलं होतं की इतक्या ठिकाणचे डबे उघडले, पण पावसाळी डोंगरात एवढा कोरडा डबा क्वचित बघितला. ज्याने कुणी बंद केला असेल त्याला सलाम.

मी धावतपळत अंबरनाथला गेले आणि मॅडमना ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, आता त्या पुन्हा वाचायला लावतील, मिस्टरांना हाक मारतील. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते जुनं झालं गं. मला चामटोलीहून आधीच कळलंय."